पोथ्या मोजणारे गणिती

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते, तेव्हा पाठभेद टिपायला खास आखलेले कागद वापरत. वरच्या बाजूला आडवा एक श्लोक, डाव्या कडेला उभ्या ओळीत पोथ्यांच्या खुणा: शारदा लिपीतली काश्मीरची पोथी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. ज्या पोथीत जिथे वेगळा शब्द सापडेल तिथे तो त्या पोथीच्या ओळीत आणि मूळ अक्षरांच्या बरोबर खाली लिहायचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी रुंद रकाना. एखाद्या पोथीत मध्येच पाचपन्नास श्लोक जास्तीचे निघाले, तर ते वेगळ्या कागदावर उतरवून जोडायचे. त्या कागदाला शोधपत्र म्हणत. कारेगाव-रांजणगावच्या एमआयडीसीत स्टोअरचा हिशोब ठेवणाऱ्या कुठल्याही पोराला हा कागद दाखवला तर तो एका नजरेत ओळखील, की ही एक्सेल शीट आहे. फक्त ती १९२०-३० च्या दशकांतली आहे आणि तिच्यात बेअरिंगांऐवजी व्यासांचे श्लोक भरलेले आहेत.

या कामाचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर मूळचे गणिताचे विद्यार्थी होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी गणित केले, मग बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत. ल्यूडर्स यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक छोटा नमुना १९०८ मध्येच छापून पाहिला होता; पहिल्या महायुद्धात युरोपातली त्या आवृत्तीची योजना बुडाली. इकडे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपये देऊ केले, १ एप्रिल १९१९ रोजी रा. गो. भांडारकरांच्या हस्ते काम सुरू झाले आणि १९२५ मध्ये ते सुकथनकरांकडे आले.

त्यांचा युक्तिवाद गणित्याचाच होता. काश्मीरची पोथी आणि मलबारची पोथी यांच्यामध्ये अख्खा देश. नकलनविसांनी एकमेकांची बघून लिहिण्याचा संभव सगळ्यांत कमी. तेव्हा या दोन टोकांत जे जुळते ते जुने समजायला हरकत नाही. आणि जे फक्त एकाच टोळीच्या पोथ्यांत दिसते, त्याच्याकडे संशयाने पाहायचे. आदिपर्वासाठी त्यांनी ६० पोथ्या अशा समोरासमोर बसवल्या. १९३३ मध्ये आदिपर्व आणि त्याची प्रस्तावना बाहेर आली. त्या आवृत्तीत व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही आपल्या घराघरांत ठाऊक असलेली कथा मुख्य संहितेत नाही. ती परिशिष्टात आहे. पोथ्यांचा पुरावा तिला पुरला नाही. रांजणगावच्या महागणपतीला पायी जाणाऱ्यांच्या श्रद्धेला यामुळे काही उणे आले असे मला वाटत नाही. पण ही कथा नेमकी कधी, कोणत्या प्रांतात, कुणाला गरज वाटली म्हणून महाभारतात आली, हा प्रश्न मात्र त्या परिशिष्टामुळे पहिल्यांदा नीट विचारता येऊ लागला. विचारांचा इतिहास लिहिणाऱ्याला असे प्रश्न लागतात. कल्पना कधी नव्हती, कधी आली, कुठून कुठे गेली, हे कळल्याशिवाय तिचा इतिहास सुरूच होत नाही.

हल्ली जगभरच्या विद्यापीठांत डिजिटल ह्युमॅनिटीज नावाचा विभाग निघतो. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांचे ग्रंथ संगणकात घालायचे आणि मोजणी, तुलना, नकाशे, जाळी यांच्या मदतीने वाचायचे, असा त्याचा धंदा. त्याचा आरंभ सांगताना रोबेर्तो बूसा या इटालियन जेझुइट पाद्र्याचे नाव घेतात. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मचिंतकाच्या ग्रंथांतल्या प्रत्येक शब्दाची सूची करायची, म्हणून हा पाद्री १९४९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमच्या टॉमस वॉटसन यांना भेटला आणि छिद्रपत्रांची यंत्रे मिळवून आला. काम तीस वर्षे चालले. सूची ५६ खंडांची झाली.

त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एक माणूस गणकयंत्रे पाहत हिंडत होता. युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन १९४८-४९ मध्ये तो इंग्लंड-अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास करायला गेलेला होता. शिकागोला त्याने भूमितीही शिकवली. निघण्याच्या सुमारास त्याचा एक ग्रंथ मुंबईत छापून तयार होत होता: भर्तृहरीच्या नावावर चालणाऱ्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, ३७७ पोथ्यांवरून. हा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. बूसा आणि कोसंबी भेटल्याचे कुठे वाचलेले नाही, आणि कोसंबींनी भर्तृहरी यंत्रात घातला असेही नाही. सगळे काम हाताने झाले. पण संगणकाने जे करायचे ते डोक्यात आधी कसे तयार असावे लागते, हे पाहायचे असेल तर बूसांपेक्षा कोसंबींकडे पाहावे असे माझे मत आहे. बूसांनी सूची केली. कोसंबींनी मोजणीतून एक कवी वेगळा काढला.

कोसंबींचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. घर सोडून पुण्याला, काशीला, नेपाळ-सिंहलद्वीपाला गेलेले, पुढे हार्वर्डला विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावलेले. त्यामुळे दामोदर अमेरिकेत वाढले, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले, बनारस आणि अलीगढनंतर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. १९४६ पासून १९६२ पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहायचे पुण्याला, भांडारकर संस्थेच्या शेजारी, आणि मुंबईला जायचे डेक्कन क्वीनने.

संस्कृतकडे ते वळले ते नाण्यांमुळे. संख्याशास्त्र नुसते पुस्तकातून कळत नाही, त्याला हातात घेता येईल असा काहीतरी माल हवा. म्हणून त्यांनी चांदीची आहत, म्हणजे ठसे ठोकलेली, नाणी घेतली. तक्षशिलेला १९२४ मध्ये अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची दोन आणि त्याचा वारस फिलिप अऱ्हिडेयस याचे एक अशी कोरी ग्रीक नाणीही होती, म्हणून साठ्याचा काळ ठरलेला: ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाचा शेवट. नाण्यांच्या दर्शनी बाजूला टाकसाळीचे शिक्के. मागच्या बाजूला मात्र बारीक खुणा, कुठे एक, कुठे पाच, कुठे एकही नाही. अभ्यासकांचे सगळे लक्ष दर्शनी चित्रांवर. हत्ती कुठला, सूर्य कुठला, हा राजा कोण. कोसंबींनी मागची बाजू मोजायला घेतली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एका नाण्यावरून काही सांगता येत नाही, पण शेकडो नाण्यांची सरासरी घेतली तर ती उतरत गेलेली दिसते आणि वजनांतला पसारा वाढत जातो. हे खरे का, हे ताडून पाहायला त्यांनी चालू चलनातली नाणी जमवून त्यांचीही वजने घेतली. मग तक्षशिलेची नाणी मागच्या खुणांच्या संख्येनुसार लावली, तर जितक्या खुणा जास्त तितके सरासरी वजन कमी, आणि तेही बऱ्यापैकी सरळ रेषेत. म्हणजे या खुणा ठरावीक काळाने नाणी तपासणाऱ्या व्यापाऱ्यांच्या. एवढ्यावरून कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे याची रांग लागली. कोणताही शिलालेख न वाचता.

ही मोजणी अचूक असली तरी राजे कोण, व्यापारी कोण, समाज कसला, हे तराजू सांगत नाही. त्यासाठी जुने ग्रंथ वाचणे आले, आणि ग्रंथांसाठी संस्कृत. सोपा म्हणून त्यांनी भर्तृहरी धरला. पंडितांनी गौरवलेले वैराग्य त्यांना त्या कवितेत सापडेना; सापडला तो पोटासाठी राजाच्या दारी उभा असलेला, अपमान गिळणारा, चिडलेला सुशिक्षित माणूस. १९४१ मध्ये तसा लेख त्यांनी लिहिला आणि संस्कृतज्ञांत खळबळ उडाली. आपण भारतविद्येत दारातून न येता छप्पर फोडून पडलो, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच पुढे गमतीने लिहून ठेवले आहे. पण हा कवी नेमका किती श्लोकांचा? लेखातला कवी खरा की नकलनविसांनी जमवलेला? इथून पोथ्यांचे काम सुरू झाले.

मराठी वाचकाला भर्तृहरी वामन पंडितांच्या मराठी श्लोकांतून भेटलेला असतो. नीती, शृंगार, वैराग्य अशी तीन शतके. म्हणजे हिशोबाने तीनशे श्लोक. प्रत्यक्षात दोन पोथ्यांचे श्लोक जुळायची मारामार. महाभारतात निदान गोष्ट पुढे जाते, एक श्लोक काढला तर पुढचा लंगडतो. सुभाषितात तसे नाही. प्रत्येक श्लोक सुटा, स्वतंत्र, कुणीही उचलून कुठेही चिकटवावा. नकलनवीस एखाद्या ठिकाणी ऐकलेला झकास श्लोक सहज वैराग्यशतकात घालतो, दुसरा शंभर भरायला कमी पडले म्हणून चार नीतीचे इकडे ओढतो. अशा वेळी शब्दांतल्या चुकांवर विसंबून पोथ्यांची वंशावळ काढता येत नाही. कोसंबींनी तीन गोष्टी पाहिल्या: श्लोक किती पोथ्यांत आहे, कोणत्या प्रांतातल्या पोथ्यांत आहे, आणि तो कुठल्या क्रमाने, कोणत्या शेजाऱ्यांबरोबर येतो. शब्द बदलणे नकलनविसाला सोपे. पण अख्ख्या संग्रहाचा क्रम तो उगाच ढवळत बसत नाही. त्यामुळे क्रम हाच प्रांताप्रांताच्या परंपरेचा चांगला साक्षीदार ठरला.

शेवटी आकडा आला तो असा: जवळजवळ सगळ्या परंपरांना मान्य असे २०० श्लोक. संशयित, म्हणजे काही परंपरांत आहेत आणि काहींत नाहीत, असे १५२. आणि इकडेतिकडे कुठेतरी भर्तृहरीच्या नावावर खपलेले आणखी ५००. तिन्ही मिळून ८५२. तीनशेच्या बोलीवर खात्रीचे दोनशेच. हा ग्रंथ १९४८ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत निघाला. मुनी जिनविजय त्या मालेचे संपादक. आणि अर्पणपत्रिका मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना, तीही संस्कृतात. मुनीजींच्या सहनशीलतेला दाद द्यावी की कोसंबींच्या खोडकरपणाला, हे वाचकांनी ठरवावे.

या सगळ्याच्या मधोमध, १९४४ मध्ये, कोसंबींनी आनुवंशिकतेवर एक लेख लिहिला. गुणसूत्रावर शेजारी असलेली जनुके बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात, लांबची जास्त वेळा सुटी होतात. किती वेळा सुटी झाली हे मोजून अंतर काढावे, तर मधल्या मध्ये दोनदा झालेली अदलाबदल मोजणीतून निसटते. ती चूक भरून काढणारे सूत्र त्यांनी दिले. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे शास्त्रज्ञ ते आजही कोसंबींच्याच नावाने वापरतात. बहुतेकांना हे कोसंबी आणि भर्तृहरीवाले कोसंबी एकच हे माहीत नसते.

आणि इथे पुढचा इतिहास गमतीदार वळण घेतो. १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात एक टिपण आले: चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका भागाच्या १५ व्या शतकातल्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ संगणकाने लावली होती, आणि ती लावणारी आज्ञावली जीवशास्त्रज्ञांची होती, प्राण्यांचे वंशवृक्ष काढणारी. तर्क साधा. पेशी आपली नक्कल करताना चुका करते, त्या चुका पुढच्या पिढीत जातात. लेखनिकही चुका करतो आणि त्याच्या पोथीवरून उतरवणारा त्या इमानेइतबारे पुढे नेतो. दोघांच्या वंशावळीचे गणित सारखेच. आज पाठभेद जुळवणाऱ्या आज्ञावली कुणालाही फुकट मिळतात. सुकथनकरांच्या लोकांनी ज्याच्यावर वर्षानुवर्षे डोळे शिणवले तो तक्ता, पोथ्या एकदा टंकित असल्या तर, काही सेकंदांत समोर येतो.

'एकदा टंकित असल्या तर' यातच सगळे घोडे पेंड खाते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. ती संगणकात आली ती क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी टंकित केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तपासली म्हणून. आज जगातला कुणीही महाभारतात 'धर्म' शब्द शोधतो तेव्हा तो सुकथनकर आणि त्यांच्या वारसांनी ठरवलेल्या संहितेत शोधत असतो. परिशिष्टात गेलेला गणपती त्याच्या मोजणीत बहुधा येतच नाही. ज्याला हे माहीत नाही त्याचा आकडा बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो. महाराष्ट्रात गणपतीच्या कल्पनेचा इतिहास लिहायचा आणि नेमके परिशिष्ट वगळायचे, म्हणजे ज्या थरात पुरावा आहे तोच थर फेकून दिल्यासारखे होईल. संपादकाला मूळ संहिता हवी असते. विचारांच्या इतिहासकाराला बहुतेकदा नंतर घुसलेलाच मजकूर जास्त मोलाचा.

पुण्यातच डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे, १९४८ पासून. सु. मं. कत्रे यांनी सुरुवात केली. जवळजवळ १,५०० ग्रंथांतून शब्द टिपून कोटीच्या घरात चिठ्ठ्या झाल्या, त्या लाकडी-लोखंडी खणांत लावलेल्या. पहिला भाग १९७६ मध्ये छापला गेला. ३५ खंड झाले तरी कोश अजून 'अ'च्या घरातच. लोक हे सांगून हसतात. त्यांनी एकदा चिठ्ठ्यांचे खण पाहावेत. एक शब्द वेदात काय होता, वैद्यकात काय झाला, न्यायशास्त्रात कुठे गेला, हे कालक्रमाने लावायचे म्हणजे शब्दागणिक एक छोटा प्रबंधच. चिठ्ठ्यांचे संगणकीकरण झाले म्हणून शोध लवकर लागतो. चिठ्ठी वाचून दोन अर्थ वेगळे की एकच हे ठरवायला पंडित पूर्वीइतकाच वेळ घेतो.

कोसंबींना आकड्यांचा भरवसा होता, तरी आकड्यांनी त्यांना दगाही दिला. संभाव्यतेच्या वाटेने रीमानचा प्रसिद्ध गणिती प्रश्न सुटतो असा दावा त्यांनी १९५९ मध्ये शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही, आणि गणितज्ञांतले त्यांचे वजन त्याने घटले. १९६२ मध्ये टाटा संस्थेतला करार संपला. गणितवाल्यांना ते इतिहासात वाया गेलेले वाटत, इतिहासवाल्यांना उपरे. दोन विषयांत पाय असलेल्या माणसाला कोणत्या विभागात बसवायचे हा प्रश्न आपल्याकडे अजून सुटलेला नाही. आजही संस्कृत आणि संगणक दोन्ही येणाऱ्या मुलीला जाहिरातीतली 'संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी' ही ओळ अडवतेच.

अर्थ लावण्यावर तर मतभेद व्हायचेच. विद्याकर या बंगालमधल्या बौद्ध पंडिताचा सुभाषितसंग्रह कोसंबींनी वि. वि. गोखले यांच्याबरोबर संपादित केला. तो हार्वर्डच्या मालेत १९५७ मध्ये निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर करणारे डॅनियल इंगल्स संहितेबद्दल कोसंबींचे ऋणी होते, पण प्रस्तावनेतली वर्गसंघर्षाची मांडणी त्यांना मुळीच पटली नाही. मलाही ती भर्तृहरीपुरती जितकी पटते तितकी विद्याकरासाठी पटत नाही. पण संहिता दोघांची एकच. भांडायला सामाईक जमीन होती.

ग्रंथांपलीकडचा पुरावा ते पायांनी गोळा करत. पुण्याभोवतीच्या टेकड्या, जुन्या वाटा, म्हसोबा, वाडेबोल्हाईसारखी देवस्थाने, थेऊरकडची जुनी शिळावर्तुळे, हे सगळे त्यांनी हिंडून पाहिले. पुराणी देवीची ठाणी बऱ्याचदा अशा जागी सापडतात जिथे गारगोटीची बारीक अश्मयुगीन हत्यारे पडलेली असतात, वाटा एकमेकींना छेदतात, आणि गाव मात्र दूर असते. म्हणजे देवी गावाआधीची, भटक्यांच्या वाटांची, असा त्यांचा कयास. १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त ही निरीक्षणे आहेत. कारेगावच्या शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. कोसंबी १९६६ मध्ये गेले आणि १९६८ पासून डेक्कन कॉलेजने तिथे खणायला सुरुवात केली. १९८३ पर्यंत ते चालले. हसमुख सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी यांनी ताम्रपाषाण युगातले अख्खे खेडे उघडे केले. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी निघाली: आत स्त्रीमूर्ती, वर डोके नसलेली दुसरी मूर्ती आणि बैल. कोसंबींनी ती पाहिली असती तर काय लिहिले असते याचा अंदाज करणे अवघड नाही. ते बरोबर ठरले असते का, हा वेगळा प्रश्न.

नकाशावर ठाणी टिंबांनी मांडणे आता मोबाइलनेही जमते. देवस्थान, जत्रेची तिथी, जवळची वाट, पाण्याचे ठिकाण, सापडलेले दगड असे रकाने केले की शिरूर-दौंडचा तक्ता एका उन्हाळ्याच्या सुट्टीत उभा राहील. त्यातली सर्वांत कठीण पायरी कोसंबींच्याच वेळची आहे: गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत रस्ता रुंद झाला म्हणून, धरण झाले म्हणून, कारखान्याची जमीन गेली म्हणून किती ठाणी हलवली गेली हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिणे. हलवलेले ठाणे मूळ जागचे समजून टिंब टाकले, की वाटांचा सगळा सिद्धान्त एमआयडीसीच्या आराखड्याला चिकटून बसतो.

भर्तृहरीच्या त्या ५०० उपऱ्या श्लोकांचेही तसेच. आता शेकडो संस्कृत ग्रंथ टंकित रूपात मिळतात. त्यांत शोध घेतला तर यातले कितीतरी श्लोक दुसऱ्या कवींच्या नावावर सापडतील. यंत्र ओळ जुळवून देईल. पण भर्तृहरीच्या पोथीने तो त्या कवीकडून घेतला, की दोघांनी तिसऱ्याच कुणाच्या तोंडून ऐकला, हे ठरवायला पुन्हा प्रांत, काळ आणि शेजारचे श्लोक पाहावे लागतील, आणि पोथ्या उघडाव्या लागतील.